शिसे सोडून तांबे: एका जुन्या .३०८ रायफलचे प्रकरण

१ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्निया राज्यात बंदुकीने कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार करायची असेल, तर गोळी शिसेमुक्त लागते. गोळीत वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त शिसे असता कामा नये, असा नियम आहे. दुकानातून तयार काडतुसे घेणाऱ्याचे काम सोपे झाले, त्याने दुसरी पेटी उचलायची. पण अमेरिकेत हजारो शिकारी आपली काडतुसे घरीच भरतात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा आकारात आणायच्या, नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. त्यांच्या दृष्टीने गोळी बदलणे म्हणजे वर्षानुवर्षे जुळवलेले सगळे गणित मोडणे होते.

हे प्रकरण माझ्या शेजाऱ्यांचे आहे. मी सांता रोझा गावात राहतो. शेजारी सत्तरीच्या पुढचे. शेतीची यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. उत्तरेकडे मेंडोसिनो काउंटीत त्यांच्या भावाचे गुरांचे रान आहे. दर वर्षी तिथल्या ओकच्या टेकड्यांमध्ये ते ब्लॅकटेल हरणाची आणि रानडुकराची शिकार करतात आणि मांस घरी खातात. त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर मी बराच वेळ घालवला आहे. त्यांची नोंदवही त्यांनी मला मोकळेपणाने पाहू दिली. नाव घालू नकोस, एवढीच त्यांची अट होती.

वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय काडतूस भरणे हा गुन्हा आहे. म्हणून हे कुणाला शिकवण्यासाठी लिहिलेले नाही. दारूचे माप मी मुद्दाम दिलेले नाही. ते प्रत्येक रायफलीला वेगळे असते आणि ते फक्त गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातूनच घ्यायचे असते. तरीही हा विषय मराठीत यावा असे मला वाटले. मेलेल्या जनावराच्या देहातून गिधाडापर्यंत विष कसे पोचते, हे आपल्या लोकांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे.

आधी काय होते

रायफल .३०८ विंचेस्टर या काडतुसाची, बोल्ट ॲक्शन (हाताने खिट्टी ओढून काडतूस भरायची), जुनी. तिच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या मळसूत्री खाचा, १२ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. हा आकडा पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. गोळी १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची. आत शिसे, वर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण, टोकाला उघडे शिसे. असे काडतूस ते अनेक वर्षे भरत होते. १०० यार्डांवर पाच बार मारले, तर पाचही छिद्रे एका लहान लिंबाखाली झाकली जात. नोंदवहीत त्या पानावर दोनदा खूण केलेली आहे.

कायदा आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. शिशाविरुद्धची सगळी चर्चा कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाभोवती चाललेली. कॉन्डोर दक्षिणेत आणि मध्य किनाऱ्यावर. तिथे २००८ पासूनच शिशाच्या गोळीला बंदी होती. मेंडोसिनोत तर शंभरहून अधिक वर्षे कुणी कॉन्डोर पाहिलेला नव्हता. मग आम्हाला हा नियम का? त्यांच्या ओळखीच्या बहुतेक शिकाऱ्यांचे म्हणणे हेच होते. शिकार बंद करण्याचा हा आडमार्ग आहे, अशी शंकाही त्यात मिसळलेली होती.

हरकतीचे उत्तर कुठून मिळाले

कॉन्डोरची गोष्ट थोडक्यात अशी. १९८२ मध्ये जगात सगळे मिळून २२ पक्षी उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला, तेव्हा एकूण २७ होते आणि सगळेच्या सगळे पिंजऱ्यात. त्यांच्यापासून पैदास केली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९९६ मध्ये ॲरिझोनातल्या व्हर्मिलियन क्लिफ्सवरून पक्षी पुन्हा सोडले. आज संख्या पाचशेच्या वर आहे. पण सोडलेले पक्षी मरत राहिले आणि त्यांच्या मृत्यूचे पहिले कारण शिसे निघाले. शिकारी हरीण मारतो, पोट फाडून आतडी-कोथळा जागेवर टाकतो आणि देह घेऊन जातो. त्या ढिगावर पक्षी उतरतात. एका ढिगावर दहा-पंधरा पक्षी जमले, तर एकाच गोळीचे शिसे अनेकांच्या पोटात जाते. गिधाडाच्या जठरातले आम्ल फार तीव्र असते, त्यात धातूचे कण भराभर विरघळतात. कॉन्डोर सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर पहिले अंडे घालतो आणि तेही एका वेळी एकच. मोठा पक्षी गेला की ती जागा भरून यायला पुष्कळ वर्षे लागतात. म्हणून रानातले पक्षी पुन्हा पुन्हा पकडून त्यांचे रक्त तपासतात आणि शिसे जास्त निघाले की औषध देऊन ते बाहेर काढतात.

पण गोळी तर आरपार गेली किंवा शिकाऱ्याने काढून घेतली, मग ढिगात शिसे कुठून आले? शेजाऱ्यांना हाच मुद्दा पटत नव्हता. याचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रायफलीने मारलेल्या हरणांचे देह आणि मागे टाकलेले कोथळे क्ष-किरणाखाली धरले. शिशाच्या गोळीने मारलेल्या जवळजवळ प्रत्येक हरणात कण दिसले आणि कित्येक ढिगांत शंभराच्या वर. ताशी तीन हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आदळलेली मऊ शिशाची गोळी फुलते आणि फुलताना झडते. कण मोहरीहून बारीक असतात. ते जखमेपासून वीतभर अंतरावरही जाऊन बसतात. हाताला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. तांब्याच्या गोळीने मारलेल्या हरणांत मोजके तुकडे सापडले. ती छायाचित्रे पाहिल्यावर शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचे मन खऱ्या अर्थाने वळले ते मात्र खिम्यामुळे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटातल्या एका डॉक्टरांनी, विल्यम कॉर्नाट्झर यांनी, गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे सीटी स्कॅनमधून काढली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण निघाले. त्यानंतर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने त्याच राज्यातल्या सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त होते. मोठ्या माणसांसाठी तेव्हा जी मर्यादा धरत, तिच्या आतच होते. पण लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित पातळी कुठलीच नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. शेजाऱ्यांची नात त्यांच्याच हाताने केलेले हरणाचे सॉसेज खाते. ते म्हणाले, “पक्ष्यासाठी मी कदाचित आणखी दोन वर्षे वाद घातला असता. तिच्यासाठी नाही घालणार.”

पहिली अडचण: लांबी

मूळ प्रश्न घनतेचा आहे. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. जाडी तीच हवी, कारण नळी तीच. वजनही तेच ठेवले, तर तांब्याची गोळी लांब होणारच. आवरणाच्या शिशाच्या गोळीपेक्षा ती ढोबळमानाने १५ ते २० टक्के लांब होते. लांब गोळी हवेत सरळ ठेवायला तिला जास्त वेगाने फिरवावे लागते, आणि फिरवण्याचे काम आट्यांचे. १२ इंचांत एक फेरा हा आजच्या हिशेबाने संथ पीळ आहे. आज .३०८ च्या कित्येक रायफली १० इंचांत एक फेरा घेणाऱ्या मिळतात.

गोळी स्थिर राहील की नाही याचा अंदाज काढायला मिलर सूत्र वापरतात. उत्तर १.४ किंवा त्याहून जास्त आले की निर्धास्त राहायचे. शेजाऱ्यांच्या जुन्या १८० ग्रेन शिशाच्या गोळीचे उत्तर या नळीतून १.९ च्या आसपास येते, भरपूर वाव आहे. त्याच वजनाची तांब्याची गोळी घेतली की ते १.२ वर घसरते. गोळी कोलमडणार नाही, पण डुलत जाईल, आणि थंड सकाळी हवा दाट झाली की आणखी डुलेल.

त्यांनी आधी नेमकी हीच गोळी घेतली होती. कारण साधे: चाळीस वर्षे १८० ग्रेन वापरली, आताही १८०च हवी. कागदावर पाच छिद्रे पंजाएवढ्या जागेत विखुरली. गल्लीतल्या दुसऱ्या एका शिकाऱ्याने लगेच निकाल दिला की तांब्याच्या गोळ्या भिकार असतात. मला वाटते, तांब्याविषयीच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात. लोक शिशाचे वजन तांब्यावर लादतात, रायफल नाही म्हणते आणि दोष तांब्याला जातो.

असे पूर्वीही घडलेले आहे. १९५५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने .२४४ नावाचे काडतूस आणले आणि त्याच्या रायफलींना १२ इंचांचा पीळ दिला. त्याच वर्षी विंचेस्टरने .२४३ आणले, १० इंचांच्या पिळाचे. हरणासाठी लोकांना १०० ग्रेनची गोळी हवी होती. तिची लांबी विंचेस्टरला पेलली, रेमिंग्टनला नाही. .२४४ चे काडतूस उत्तम असूनही मागे पडले. १९६३ मध्ये कंपनीने जास्त पीळ देऊन तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, पण गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही. दोष काडतुसाचा नव्हता, पिळातल्या दोन इंचांच्या फरकाचा होता.

उपाय म्हणून शेजारी १५० ग्रेनच्या, म्हणजे ९.७ ग्रॅमच्या तांब्याच्या गोळीवर आले. लांबी कमी झाली, सूत्राचे उत्तर १.४ च्या जवळ आले. हलकी गोळी रानडुकराला पुरेल का, ही धाकधूक होती. इथे हिशेब वेगळ्या बाजूने मांडावा लागतो. १८० ग्रेनची साधी शिशाची गोळी जनावरात शिरताना वजनाचा तिसरा हिस्सा सहज गमावते, म्हणजे आत पोचते ती सुमारे १२० ग्रेन. तांब्याची १५० ग्रेनची गोळी चार पाकळ्या उघडून फुलते आणि जवळजवळ सगळे वजन राखते. खोलवर जाणारा भार तांब्याचाच जास्त ठरतो. हे तत्त्व नवे नाही. बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात अखंड तांब्याची फुलणारी गोळी बनवली. तेव्हा कॉन्डोरचा प्रश्न डोक्यात नव्हता, मोठ्या जनावरात खोल जाणारी गोळी हवी होती. पक्ष्यांचा फायदा पुढे झाला.

दुसरी अडचण: पुंगळीतली जागा

.३०८ च्या पूर्ण काडतुसाची लांबी २.८०० इंचांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर ते मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या खणात, बसत नाही. गोळी लांब झाली आणि काडतुसाची लांबी तीच राहिली, तर जास्तीचा भाग आत जाणार. तो दारूची जागा खातो. तीच दारू कमी जागेत जळली की दाब चढतो. शिवाय तांबे शिशासारखे दबत नाही. आट्यांत शिरताना ते जास्त अडते आणि तिथेही दाब वाढतो. अखंड तांब्याच्या बहुतेक गोळ्यांच्या अंगावर आडव्या खाचा असतात त्या यासाठीच. आट्यांनी दाबलेला धातू त्या खाचांत सरकतो, अडथळा कमी होतो आणि नळीत तांब्याचा थरही कमी बसतो. सुरुवातीच्या बिनखाचांच्या गोळ्या नळी फार लवकर खराब करत. त्या काळचा अनुभव घेतलेले जुने लोक आजही तांबे म्हटले की नाक मुरडतात.

यातून निघणारा नियम शेजाऱ्यांनी बाकावरच्या फळीला पाटी लावून ठेवला आहे: जुन्या गोळीचे माप नव्या गोळीला नाही. वजन सारखे असले तरी नाही. दुसऱ्या कंपनीच्या तांब्याच्या गोळीचेही नाही. ज्या कंपनीची गोळी, तिचेच पुस्तक, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा पहिला. तिथून बारीक पायऱ्यांनी वर जायचे. प्रत्येक पायरीवर पुंगळी हातात घेऊन पाहायची. प्रायमरच्या कडा सपाट झाल्या आहेत का, बोल्ट उचलताना जड लागतो का, पुंगळीच्या बुडाला चकाकणारा ओरखडा उठला आहे का. वेगमापक यंत्र शेजारी ठेवायचे. यंत्राचा वेग पुस्तकातल्या कमाल वेगाशी जुळला की दारूचे माप अजून कमी असले तरी थांबायचे, कारण तुमच्या नळीपुरता दाब तिथे गाठला गेला आहे.

शेजारी सेकंदाला २,८०० फुटांच्या थोडे खाली थांबले. एक पायरी वर जाता आले असते. ते गेले नाहीत. उन्हाळ्यात मेंडोसिनोत ४० अंश तापमान होते आणि ऊन खाल्लेले काडतूस जास्त दाब देते, हे त्यामागचे कारण. असा संयम मी तरुण लोकांत कमी पाहिला आहे.

नळीला काय आवडते

वेग जमला तरी नेम बसला नव्हता. यापुढच्या दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त रस वाटला, कारण इथे शिशाचा अनुभव थेट उलटा पडला.

शिशाच्या गोळीचे टोक आट्यांच्या अगदी जवळ ठेवले की नेम चांगला बसतो, असे ते आयुष्यभर पाहत आले होते. नव्या गोळीलाही त्यांनी तसेच जवळ बसवले आणि ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, पसरला. तांब्याच्या गोळीला सहसा आट्यांत शिरण्याआधी मोकळी धाव लागते. सुरुवात ०.०५० इंचांपासून, म्हणजे सव्वा मिलिमीटरपासून, करावी असे सांगतात. त्यांनी गोळी तेवढी आत घेतली, ग्रुप आवळला. आणखी थोडी आत घेतली, आणखी आवळला. ०.०८० च्या आसपास छिद्रे एकमेकांना चिकटू लागली. त्याच्या पुढे पुन्हा विस्कटली. आत घ्यायचे म्हणजे पुंगळीतली जागा पुन्हा घटते, म्हणून दर वेळी दाबाच्या खुणाही नव्याने पाहिल्या.

याआधी त्यांनी नळी मुळापासून धुतली होती. जुन्या गोळ्यांच्या आवरणाचा थर आट्यांत बसलेला असतो आणि त्यावर नवे तांबे नीट चालत नाही. तांबे काढणारे द्रावण लावले की कापडाची चिंधी निळी येते. ती पांढरी येईपर्यंत ते घासत राहिले. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. या एका कामाचा नेमावर किती परिणाम झाला हे वेगळे सांगता येणार नाही, पण ते टाळावे असे मला वाटत नाही.

शेवटी ग्रुप शिशाच्या जुन्या ग्रुपएवढाच आला. नोंदवहीत त्या पानावरही दोन खुणा आहेत.

रानात

तांब्याच्या गोळीला फुलायला वेग लागतो. आदळताना तो सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या खाली गेला, तर पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि गोळी सुईसारखी आरपार जाते. शेजाऱ्यांच्या काडतुसाचा वेग ३०० यार्डांवर २,२०० च्या घरात राहतो. ओकच्या टेकड्यांत २०० यार्डांपलीकडे बार टाकायची वेळच क्वचित येते. म्हणून ही मर्यादा त्यांना जाचली नाही. मोकळ्या वाळवंटात ४०० यार्डांवरून नेम धरणाऱ्याला ती जाचेल, आणि त्याने आपले अंतर कमी करावे किंवा वेगळे काडतूस निवडावे. गोळी फुलली नाही तर जनावर जखमी होऊन पळते आणि झुडपात तळमळत मरते. तसे होऊ देणे कुठल्याही शिकाऱ्याला शोभत नाही.

पहिल्या हंगामातले हरीण १२० यार्डांवर होते. बार फुप्फुसातून गेला, दोन्ही बाजूंना भोक पडले. हरीण जागीच कोसळले नाही, उतारावर पळाले आणि थोड्या अंतरावर पडले. शेजारी अस्वस्थ झाले, कारण शिशाच्या गोळीने जागीच पडलेली हरणे त्यांनी पाहिली होती. शिसे आत फुटते, कण चहूकडे जातात, जखम रुंद होते. तांबे एकच सरळ वाट पाडते. रुंदीची ती भरपाई नेमाने करावी लागते. पुढच्या वेळी त्यांनी नेम किंचित पुढे, खांद्याच्या हाडातून जाईल असा धरला. हाडाने तांबे अडत नाही, म्हणून तो नेम तांब्याला मानवतो. हरीण जागेवर बसले. रानडुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीतूनही गोळी पलीकडे गेली. पण पलीकडे जाते म्हणूनच मागे काय उभे आहे हे दुप्पट काळजीने पाहावे लागते. मागे दुसरे जनावर असेल, तर बार टाकायचा नाही.

मांसातला फरक मी स्वतः त्यांच्या गॅरेजमधल्या फळीवर पाहिला. शिशाच्या जखमेभोवतीचे मांस काळे-जांभळे होते आणि तळहाताएवढा तुकडा काढून टाकावा लागतो. इथे भोकाभोवती बोटभर जागा खराब होती. बाकी सगळे मांस स्वच्छ निघाले.

खर्च वाढला, हे लपवण्यासारखे नाही. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीच्या जवळपास दुप्पट किमतीला पडते. चांदमारीसाठी शिसे कायद्याने चालते, पण दोन्ही गोळ्यांचा नेम एका जागी बसत नाही. शिवाय एखादे शिशाचे काडतूस चुकून खिशात राहिले आणि शिकारीच्या वेळी तपासणी झाली, तर गुन्हा होतो. शेजाऱ्यांनी या रायफलीसाठी शिसे पूर्ण बंद केले. सराव ते कमी, पण मन लावून करतात. वर्षाला हरणावर आणि डुकरावर मिळून जेवढे बार जातात, तेवढ्या तांब्याचा जास्तीचा खर्च एका वेळच्या पेट्रोलइतकाही होत नाही. किंमत खरी लागते ती माप जुळवताना, आणि ते एकदाच करायचे असते.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गोळी शिसेमुक्त झाली म्हणून बाक शिसेमुक्त होत नाही. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. वापरलेल्या पुंगळ्या घासून स्वच्छ करणाऱ्या यंत्रातून जी बारीक धूळ उडते, तिच्यात ते असते. शेजारी आता हे यंत्र गॅरेजच्या बाहेर चालवतात, बाकावर कॉफीचा कप ठेवत नाहीत आणि हात धुतल्याशिवाय घरात शिरत नाहीत. नात आली की त्या खोलीला कुलूप असते.

नंतर काय झाले

मे २०२२ मध्ये युरोक जमातीने उत्तर कॅलिफोर्नियात, रेडवुड नॅशनल पार्कच्या परिसरात, कॉन्डोर पुन्हा आणले. पहिल्यांदा सोडलेले पक्षी मेंडोसिनोपासून फार दूर नाहीत. कॉन्डोर एका दिवसात दोनशे किलोमीटर सहज पार करतो. ‘इथे कॉन्डोर नाहीतच’ हा मुद्दा तीन वर्षांत निकाली निघाला. युरोक लोक स्वतः शिकारी आहेत. शिकाऱ्यांशी बोलून, समोर गोळ्या फोडून दाखवून शिसे सोडायला लावण्याचे काम त्यांनी पक्षी आणण्याच्या कितीतरी आधी सुरू केले होते. तरीही २०२५ च्या सुरुवातीला त्या कळपातला एक तरुण पक्षी मेला आणि कारण शिसेच निघाले.

कायदा असूनही असे का होते? ॲरिझोनाकडे पाहिले की थोडा उलगडा होतो. तिथे असा कायदा नाही. पण २००५ पासून राज्याच्या वन्यजीव खात्याने कायबाब पठारावर हरणाचा परवाना मिळालेल्या शिकाऱ्यांना शिसेमुक्त काडतुसे फुकट दिली, कारण समजावून सांगितले, आणि काही वर्षांत दहांपैकी आठहून अधिक शिकारी स्वखुशीने सामील झाले. कॅलिफोर्नियातल्या बंदीनंतर सोनेरी गरुड आणि टर्की गिधाडांच्या रक्तातले शिसे घटले, हेही नोंदले गेले आहे. माझ्या मते कायदा हवा आणि समजावणेही हवे. पण गॅरेजमधल्या बाकावर मदत करणारा माणूस नसेल, तर कायदा पाळणारासुद्धा पहिल्याच विखुरलेल्या ग्रुपनंतर वैतागतो.

आणि कायद्याला एक मोठे भोक आहे. तो वन्यप्राण्यांच्या शिकारीपुरता आहे. म्हातारी किंवा पाय मोडलेली गाय शेतकरी साध्या, लहान .२२ रायफलीच्या शिशाच्या गोळीने मारतो आणि देह माळावर सोडतो. ती शिकार नव्हे, म्हणून बंदी लागू होत नाही. गिधाडाला मात्र गाय आणि हरीण यांत फरक नाही.

आपल्याकडे जे झाले ते अगदी याच वाटेने झाले. दुखणाऱ्या गुराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचले, ते मेले, माळावर टाकले, गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये कारण सापडले, २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा बिनधोक पर्याय हाताशी होता. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही गुरांसाठी बंद झाले. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात स्थानिक लोकांनी आणि कार्यकर्त्यांनी गिधाडांची घरटी राखली, त्यांच्यासाठी मेलेल्या गुरांची सोय केली. मी शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या पर्यायाच्या किमतीचा. कामाचा प्रश्न होता.

भावाच्या रानातली गुरे मारायचे काम आता शेजारीच करतात, .३०८ ने आणि तांब्याने. राहिला आहे .२२ चा प्रश्न. कुरणात बिळे पोखरणाऱ्या खारींसाठी ती लागते, आणि मेलेल्या खारी पक्षी हमखास उचलतात. नेहमीची शिशाची .२२ गोळी ४० ग्रेनची असते. तांब्याची तेवढी लांब गोळी त्या बारक्या काडतुसात मावत नाही आणि १६ इंचांचा पीळ तिला सांभाळतही नाही. म्हणून तांब्याची .२२ गोळी २१ ग्रेनची बनवावी लागते. ती हलकी असते, वाऱ्याने सरकते आणि त्यांच्या रायफलीत ५० यार्डांवरही भरवशाची नाही. हे काडतूस घरी भरता येत नाही, त्यामुळे बाकावर बसून जुळवण्याचा मार्गही बंद. दोन-तीन बनावटी त्यांनी आणून पाहिल्या, एकही मनास आली नाही. या वर्षी खारींसाठी त्यांनी सापळे लावले आहेत.